ताबा एकाकडे, बोलणं दोघांशी

"पोरगी माझ्याजवळ राहते. तिची शाळा, दवाखाना, जेवणखाण सगळं मीच बघते. मग तिनं वडिलांशी कधी बोलायचं, किती बोलायचं, हे मी ठरवलं तर बिघडलं कुठं?" नवऱ्यापासून वेगळी राहणारी आई हा प्रश्न वकिलाला विचारते. पलीकडच्या बाजूलाही तसाच जळजळीत प्रश्न असतो. "ताबा तिच्याकडे राहू दे. पण म्हणून मी पोरीचा आवाजसुद्धा ऐकायचा नाही का?" काही घरांत भूमिका उलट्या असतात. मुलं वडिलांकडे आणि आज्जीकडे राहतात, आणि आई फोनची वाट बघत बसते.

या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या एकाच कलमात सापडत नाही. ते १८९० सालच्या एका कायद्यात, १९५६ सालच्या दुसऱ्या कायद्यात आणि गेल्या काही वर्षांच्या निकालांत विखुरलेलं आहे. ते जुळवून पाहण्यासाठी या प्रकरणात एक कुटुंब कल्पनेनं उभं केलं आहे. कुटुंब काल्पनिक असलं, तरी त्याला लागू होणारे कायदे खरे आहेत.

समजा, बाईचं माहेर कागल तालुक्यातलं मुरगूड आणि सासर निपाणी. निपाणी-देवगड रस्त्यावरची ही दोन गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत. पण मुरगूड कोल्हापूर जिल्ह्यात आणि निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे मध्ये राज्याची हद्द. भांडण विकोपाला गेलं आणि बाई नऊ वर्षांची मुलगी व चार वर्षांचा मुलगा घेऊन माहेरी आली. मुलांची नावं मुरगूडच्या शाळेत घातली. वडिलांचं निपाणीत दुकान आहे. ते रोज संध्याकाळी फोन करतात. फोन आईचा. उचलायचा की नाही, हे तीच ठरवते.

१. ताबा वेगळा, पालकत्व वेगळं

बोलण्यात सगळे 'ताबा' एवढाच शब्द वापरतात. कायदा मात्र दोन गोष्टी वेगळ्या धरतो. मूल रात्री कुणाच्या घरी झोपतं, सकाळी डबा कोण भरतं, ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेतं, हा झाला ताबा. मुलाच्या आयुष्यातले मोठे निर्णय, त्याच्या नावावरची मालमत्ता, त्याच्या वतीनं करायच्या सह्या, हे झालं पालकत्व. ताबा आईकडे गेला म्हणून वडिलांचं पालकत्व आपोआप पुसलं जात नाही. वडिलांकडे गेला तर आईचंही पुसलं जात नाही.

हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलं आहे. त्याच कलमात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असंही आहे. 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडील वारल्यावरच का? लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी मुलाची पालक म्हणून सही केली, ती नाकारली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वडील हयात असले तरी प्रत्यक्षात मुलाकडे लक्ष देत नसतील, तर आई नैसर्गिक पालक ठरते, असा अर्थ न्यायालयाने १९९९ साली लावला.

मुरगूडच्या कुटुंबात अजून कुठलाच आदेश झालेला नाही. बहुतेक भांडणांत हाच काळ सगळ्यात अवघड असतो. मुलं ज्याच्या घरी, त्याच्याकडे प्रत्यक्षातला ताबा असतो. पण दुसऱ्याला दूर ठेवण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नसतो. अशा वेळी गावची मंडळी मध्ये पडतात आणि स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात, "मुलं आईकडे राहतील, वडिलांचा काही संबंध राहणार नाही." दोन्हीकडच्या सह्या होतात, साक्षीदार होतात, सगळे सुटल्यासारखे घरी जातात. या भागात काडीमोड काही नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात त्यासाठी कायदा केला, तो हिंदू विवाह कायद्याच्या कितीतरी आधी. पण मुलांबद्दलच्या त्या ओळीनं न्यायालय बांधलं जात नाही. नवरा-बायको आपापसातले हक्क सोडू शकतात. मुलाच्या वाट्याचं नातं त्यांना परस्पर सोडून देता येत नाही.

२. हक्क नेमका कुणाचा?

ताब्याच्या भांडणात दोघंही 'माझा हक्क' म्हणत न्यायालयात येतात. न्यायालय मात्र तिसऱ्याच माणसाकडे पाहतं. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की सर्वांत महत्त्वाचं हित वडिलांचं नाही, आईचंही नाही, फक्त मुलाचं. पुढे १९५६च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये हेच तत्त्व आलं. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हे सगळ्यात नेमकं मांडलं आहे १९८९ सालच्या बालहक्क संहितेच्या कलम ९ मध्ये. आईपासून किंवा वडिलांपासून वेगळं राहावं लागणाऱ्या मुलाला दोघांशीही नियमित आणि थेट संबंध ठेवण्याचा हक्क आहे. त्यानं मुलाचं अहित होत असेल, तेवढाच अपवाद. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी ही संहिता स्वीकारली.

मुरगूडच्या आईचा प्रश्न आता वेगळा दिसू लागतो. वडिलांना फोन द्यायचा की नाही, हा तिच्या आणि नवऱ्याच्या हिशोबातला मुद्दा राहत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला गॅदरिंगमधल्या नाचाबद्दल वडिलांना सांगायचं आहे. ते सांगायला तिला मिळालं पाहिजे, आणि मोठ्या माणसांची व्यवस्था तिच्या या गरजेभोवती लागली पाहिजे.

३. रोजची पाच ते दहा मिनिटं

न्यायालयांचे जुने आदेश वाचले की 'भेट' म्हणजे प्रत्यक्ष भेट असंच दिसतं. दुसरा व चौथा शनिवार, दिवाळीची अर्धी सुट्टी, मे महिन्यातले पंधरा दिवस. फोनचा उल्लेख क्वचितच. २० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दीपक गुप्ता आणि न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने दिलेल्या निकालानंतर चित्र बदललं. नवरा-बायको अमेरिकेत राहत होते आणि आई लहान मुलीला घेऊन भारतात आली होती. त्या निमित्तानं न्यायालयाने भेटीचा हक्क आणि संपर्काचा हक्क यांचा वेगवेगळा विचार केला. ज्या पालकाला ताबा मिळालेला नाही त्याला मुलाशी रोज पाच ते दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि व्हिडिओ कॉलची सोय असताना आदेशात तिचा उपयोग झाला पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं.

दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. न्यायालयांच्या आवारातल्या भेटी बंद पडल्या. ३० एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं की प्रत्यक्ष भेटीऐवजी पालकांनी आपसात ठरवून इलेक्ट्रॉनिक संपर्क ठेवावा, आणि जमलं नाही तर कौटुंबिक न्यायालयाकडे जावं. एरवी रुळायला कदाचित वर्षं लागली असती अशी गोष्ट त्या काळात निकडीची झाली.

आदेश किती बारकाईनं लिहिता येतो, याचं उदाहरण २०२५ सालचं आहे. मूल आईबरोबर आयर्लंडमध्ये, वडील हरियाणात. सर्वोच्च न्यायालयाने एक रविवार सोडून एक, आयर्लंडच्या घड्याळाप्रमाणे सकाळी दहा ते बारा, असं दोन तासांचं व्हिडिओ बोलणं ठरवून दिलं. वेळ मूल राहतं त्या देशाच्या घड्याळाची धरली, ही छोटी वाटणारी बाब महत्त्वाची आहे. त्यामुळे जागरण करायचं तर ते मोठ्या माणसानं, मुलानं नाही.

काही देशांनी हे नुसतं निकालांवर सोडलेलं नाही. अमेरिकेतल्या यूटा राज्याने २००४ साली व्हिडिओवरच्या भेटींना कायद्यात जागा दिली. टेनेसी राज्याच्या कायद्यात तर वेगळ्या राहणाऱ्या पालकाला आठवड्यातून किमान दोनदा मुलाशी विनाअडथळा फोनवर बोलण्याचा हक्क लिहून ठेवला आहे, आणि त्याने मुलाला पाठवलेलं पत्र दुसऱ्या पालकाने फोडायचं नाही, हेही त्यात आहे. भारतात असं वेगळं कलम नाही. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ वा अहवाल देऊन संयुक्त ताब्याची आणि पालकांनी मिळून करायच्या नियोजनाची शिफारस केली होती. ती संसदेने कायद्यात उतरवलेली नाही. हे काम आता लांबता कामा नये.

४. शिस्त आणि अडवणूक

ज्याच्याकडे ताबा आहे त्याला संपर्कावर काहीच नियंत्रण नसतं, असं मात्र नाही. मुरगूडच्या परिसरात वेदगंगेच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्यांना पाटाच्या पाण्याची रीत सांगावी लागत नाही. पाट वरच्या शेतातून जातो म्हणून वरचा शेतकरी खालच्या शेताचं पाणी तोडू शकत नाही. बांध फोडू नका, पाळी सोडून पाणी घेऊ नका, असं मात्र तो बजावू शकतो. मुलाचा फोन ज्याच्या घरी वाजतो, त्याचा अधिकार साधारण एवढाच असतो.

रात्री साडेनऊनंतर फोन नको, कारण सकाळची शाळा आहे, हे आई सांगू शकते. परीक्षेच्या आठवड्यात दहाऐवजी पाच मिनिटं बोला, असंही सांगू शकते. चार वर्षांच्या मुलाला फोन धरून बसवण्यासाठी शेजारी थांबू शकते, कारण त्या वयाचं मूल तिसऱ्या मिनिटाला फोन टाकून मांजरामागे पळतं आणि त्यात वडिलांबद्दलचा राग नसतो. घरच्या वेळापत्रकात बोलणं बसवणं हा ताब्याचाच भाग आहे.

अडवणूक बहुतेक वेळा याच चांगल्या कारणांचा पोशाख घालून येते. संध्याकाळी सातला निपाणीहून फोन येतो. मोबाइल टीपॉयवर ठेवलेला, स्पीकर चालू. मुलगी खाली बसलेली, मामा खुर्चीत, आज्जी स्वयंपाकघराच्या दारात. "जेवलीस का?" "हो." "शाळेत काय झालं?" मुलगी मामाकडे बघते. "काही नाही." आज्जी दारातून म्हणते, "फीचं विचार म्हणावं त्यांना." मुलगी विचारते, "पप्पा, फी कधी भरणार?" पलीकडे दोन क्षण काहीच ऐकू येत नाही. मग वडिलांचा आवाज चढतो, आणि पंचेचाळीस सेकंदांत फोन बंद होतो. फोन दिला नाही, असं या घरात कुणी म्हणणार नाही. पण मुलीचं बोलणं तिथं झालंच नाही. मोठ्यांचं भांडण तेवढं तिच्या तोंडून झालं.

शिकवून दिलेले प्रश्न, पाळत ठेवून घेतलेले कॉल, ऐन वेळेला रोज बंद पडणारी बॅटरी, नंबर ब्लॉक करणं, वडिलांनी पाठवलेला व्हिडिओ मुलीला न दाखवता पुसून टाकणं, हे प्रकार तक्रारींत पुन्हापुन्हा येतात. बंधन पलीकडच्या बाजूलाही हवं. फोनवर "आई घरी कुणाला भेटते?" असं विचारणारा बापही मुलीचं बोलणं हिरावूनच घेतो. तिला हेर करण्याचा अधिकार ना निपाणीला आहे, ना मुरगूडला.

पोटगीचा मुद्दा सगळ्यात जास्त गोंधळाचा. "पैसे देत नाहीत, मग फोन कशाला?" हा राग समजण्यासारखा आहे. महिना महिना खर्च एकटीनं ओढणाऱ्या बाईला तो येणारच. पण पोटगी वसूल करायला वेगळा रस्ता आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ त्यासाठीच आहे. पूर्वी तेच कलम १२५ म्हणून ओळखलं जायचं. थकबाकीसाठी बोलणं बंद केलं तर दंड मुलीला होतो आणि पैसे काही येत नाहीत. उलट, "भेटू देत नाही म्हणून पोटगी देणार नाही" असं म्हणणाऱ्या नवऱ्यालाही हेच उत्तर आहे. मुलीच्या दुधाचे आणि वह्यांचे पैसे तिच्या आईच्या वागण्यावर अवलंबून ठेवता येत नाहीत.

आणि कॉल रेकॉर्ड करणं? १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोतलं चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून मांडता येतं, असं ठरवलं. तो निकाल जोडीदारांमधल्या बोलण्यापुरता होता. मूल वडिलांशी बोलताना रोज रेकॉर्डिंग लावून ठेवणं ही वेगळी गोष्ट. आपण ऐकले जात आहोत, हे मुलाला कळायला वेळ लागत नाही, आणि त्यानंतर ते दोघांशीही मोकळं बोलत नाही.

५. कॅरोलाइन नॉर्टनचे तीन मुलगे

आई किंवा वडिलांना मुलांशी संबंध ठेवण्याचा हक्क असावा, ही कल्पना इंग्रजी कायद्यात फार जुनी नाही. तिथल्या कायद्याची छाप इथल्या कायद्यावर पडली, म्हणून ती कशी आली ते पाहणं उपयोगाचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मुलं पूर्णपणे वडिलांची मानली जात. कॅरोलाइन नॉर्टन ही त्या काळातली नावाजलेली लेखिका. तिचा नवरा जॉर्ज नॉर्टन मारहाण करायचा. १८३६ साली तो तिचे तीन मुलगे घेऊन गेला आणि त्यानं तिच्यावर पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्याशी संबंध असल्याचा आरोप करत खटला भरला. तो खटला तो हरला. तरी मुलं त्याच्याकडेच राहिली. आईला मुलांना भेटू द्यायचं की नाही, हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर, कारण या बाबतीत तिला कायद्यानं कुठलंच स्थान नव्हतं.

कॅरोलाइननं लेखणी उचलली. पत्रकं लिहिली, खासदारांना गाठलं. १८३९ साली पार्लमेंटने अज्ञान मुलांच्या ताब्याचा कायदा केला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागण्याची आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना भेटू देण्याची विनंती आई न्यायालयाला करू शकेल, एवढीच तरतूद त्यात होती. आजच्या मानानं ती तुटपुंजी. पण आईच्या बाजूनं अर्ज करता येतो, हे पहिल्यांदा कायद्यात आलं.

तिला स्वतःला त्याचा उपयोग झाला नाही. नवऱ्यानं मुलांना स्कॉटलंडला ठेवलं होतं आणि तिथं इंग्लंडच्या न्यायालयाची हद्द लागत नव्हती. १८४२ साली सगळ्यात धाकटा विल्यम तट्टावरून पडला. जखम चिघळली. आईला निरोप उशिरा गेला, आणि ती पोचली तोवर मुलगा गेला होता.

भारताला जवळच्या ॲनी बेझंट यांची हकीकतही याच वाटेनं जाते. नवऱ्यापासून वेगळं होताना मुलगी मेबल त्यांच्याकडे आली होती. १८७८ साली त्यांची निरीश्वरवादी मतं आणि संततिनियमनावरच्या पुस्तकाचं प्रकाशन पुढे करून न्यायालयानं मेबलला वडिलांकडे दिलं. पुढे भेटीची परवानगी मिळाली, पण ओढाताणीत मुलांना त्रास होतो असं दिसल्यावर त्यांनी मुलं मोठी होईपर्यंत भेटणं आणि पत्र लिहिणं थांबवलं. सज्ञान झाल्यावर दोन्ही मुलं आईकडे आली. मधली वर्षं मात्र गेली ती गेलीच.

६. फोन थांबवणं योग्य ठरतं तेव्हा

आतापर्यंतचं सगळं वाचून एखाद्या मार खाल्लेल्या बाईला वाटेल की कायदा तिला त्याच माणसाशी रोज फोन जोडायला लावतो. तसं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा बाईला देऊ शकतात. भेटीची व्यवस्था ठरवू शकतात, आणि मुलाला अपाय होईल असं दिसलं तर भेट नाकारूही शकतात. यासाठी घटस्फोटाचा दावा चालू असण्याची अट नाही.

वडील दारू पिऊन फोनवर शिव्या देत असतील, मुलाला पळवून नेण्याच्या धमक्या देत असतील, लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर आईनं फोन थांबवावा आणि लगेच न्यायालयाकडे जावं. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. कारण खरं असूनही स्वतःच महिनोन्महिने फोन बंद ठेवला आणि अर्ज केला नाही, तर पुढे तीच अडवणूक करणारी ठरण्याचा धोका असतो. न्यायालयाकडे पूर्ण बंदीच्या अलीकडचे मार्गही असतात. समुपदेशकासमोर भेट, ठरावीक वेळेचा देखरेखीखालचा कॉल, दारूवर उपचार घेईपर्यंत स्थगिती.

७. "मूलच नको म्हणतंय"

हे उत्तर न्यायालयात फार वेळा दिलं जातं, आणि ते खरं असू शकतं. नऊ वर्षांच्या मुलीनं वडिलांना आईवर हात उचलताना पाहिलं असेल, तर तिचं 'नको' तिचं स्वतःचं आहे. पण 'नको' पढवलेलंही असू शकतं. ते ओळखायचं कसं?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ साली दुसऱ्या पालकाविरुद्ध मन कलुषित केलेल्या मुलांच्या वागण्याला एका आजाराचं नाव दिलं. ते जगभरच्या न्यायालयांत पसरलं. २०१७ साली न्यायमूर्ती सिक्री यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा उल्लेख केला. त्या प्रकरणातली मुलगी अगदी लहानपणापासून वडिलांकडे होती. आईचा सहवास पुरेसा मिळालाच नाही, तर तिच्या पसंतीवर कितपत विसंबायचं, असा विचार करून न्यायालयाने ताबा आईला दिला.

पण नाव रुळलं म्हणून तो आजार सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या सूचीतून ही संज्ञा काढून टाकली. हिंसाचाराची तक्रार करणाऱ्या आयांविरुद्ध ती हत्यारासारखी वापरली जाते, असा गंभीर आक्षेप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ साली नोंदवला. ८ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांनी सावध केलं की अमुक पालकानं मुलाचं मन फिरवलं असा शिक्का मारण्याआधी तशा वागण्याचे ठोस प्रसंग दाखवले गेले पाहिजेत. हीच भूमिका शहाणपणाची आहे. मुलाच्या 'नको'ला लेबल लावण्यापेक्षा त्याच्याशी एकट्यानं, सावकाश बोलणं जास्त उपयोगी पडतं. न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून बोलतात, ते याचसाठी. महाराष्ट्राच्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. मुलांशी बोलून अहवाल देणं हा त्यांच्या कामाचा भाग असतो.

८. मुरगूडहून अर्ज कुठं करायचा?

पालक आणि पाल्य कायदा, १८९० याच्या कलम ९ प्रमाणे मूल सहसा जिथं राहतं, तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो. मुलं मुरगूडला राहतात आणि तिथल्या शाळेत जातात. म्हणून वडिलांना या कायद्याखाली मागणी करायची तर कोल्हापूरला यावं लागेल, जिल्हा न्यायालयात किंवा जिथपर्यंत हद्द लागते तिथं कौटुंबिक न्यायालयात. कलम १२ खाली अंतिम निकालाआधी हंगामी आदेश मागता येतो. फोनच्या बाबतीत हा हंगामी आदेशच खरा कामाचा असतो, कारण ताब्याचा दावा वर्षानुवर्षं चालू शकतो.

दुसरी शक्यता अशी. लग्न निपाणीत लागलं असेल आणि घटस्फोटाचा दावा तिकडच्या न्यायालयात आधीच चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयाकडे मुलांबद्दलचा अर्ज करता येतो. दोन राज्यांत दोन दावे चालवण्यापेक्षा हा मार्ग कमी खर्चाचा पडतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुलं उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोल्हापूरला आहे, तालुका पातळीवर समित्या असतात.

वरच्या न्यायालयात जायची वेळ आली तर पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं आहे. मूल लपवून ठेवलं म्हणून करायची देहोपस्थितीची याचिका असो किंवा हंगामी आदेशाला आव्हान, मुरगूडच्या माणसाला आता सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. कॅरोलाइन नॉर्टनला स्कॉटलंडची हद्द आडवी आली होती. हद्दी आजही असतात. म्हणून न्यायालय जवळ येणं ही छोटी गोष्ट नाही.

आदेश मोडला तर? १८९०च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये मूल हजर न करणाऱ्याला शंभर रुपयांपर्यंत आणि न ऐकल्यास रोज दहा रुपये, एकूण पाचशेपर्यंत दंड आहे. ब्रिटिश काळातले आकडे अजून तसेच आहेत, आणि ते बदलायला हवेत. त्याच कलमात दिवाणी कैदेचीही तरतूद आहे. ती मुलाला हजर करण्याच्या आदेशाबद्दल. फोनच्या आदेशाचा भंग झाला तर त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज किंवा उच्च न्यायालयात अवमान याचिका हा मार्ग असतो. सतत अडवणूक करणाऱ्याकडून ताबाच काढून घेण्याचा विचारही न्यायालय करू शकतं.

त्यामुळे आदेश मागतानाच तो मोघम राहू देऊ नये. "योग्य वेळी फोन करू द्यावा" या वाक्यावरून पुढची दोन वर्षं भांडता येतं. मुरगूडच्या कुटुंबासाठी मसुदा असा असू शकतो: सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात ते सव्वासात, वडील करणार, व्हिडिओ कॉल. फोन दुसऱ्या खोलीत, स्पीकर बंद, मुलगी एकटी. धाकट्याजवळ आई थांबली तरी बोलण्यात मध्ये पडणार नाही. फोन चुकला तर त्याच दिवशी साडेआठपर्यंत आई उलटा फोन करेल. मुलीचा वाढदिवस, दिवाळीचा पाडवा आणि निकालाचा दिवस यांची वेगळी वेळ. पैसे, खटला आणि एकमेकांचे नातेवाईक हे विषय दोघांनीही मुलांसमोर काढायचे नाहीत. शाळेच्या पालकसभेची सूचना आणि प्रगतिपुस्तक दोघांनाही मिळेल.

मुलं मोठी होतात तसा हा मसुदाही जुना होतो. ताबा आणि संपर्काचे आदेश कायमचे दगडावर कोरलेले नसतात. परिस्थिती बदलली की ते बदलून मागता येतात. आठवीत गेलेल्या मुलीच्या हातात स्वतःचा मोबाइल येईल. मग सातची वेळ तिला क्लासमुळे जमणार नाही, आणि वडिलांना मेसेज कधी करायचा हे ती स्वतः ठरवू लागेल. त्या वेळी आईनं तिचा फोन तपासायचा का, किती तपासायचा, हा नवा प्रश्न पुढे येईल, आणि दोघांनी मिळून केलेल्या अर्जावर त्याचंही उत्तर त्याच न्यायालयाकडून घेता येईल.